भाभीचा जनरेटर, माझं स्टेशन

मार्च लागला की घराघरांतले आवाज उतरतात. आमच्या अंबरनाथच्या बिल्डिंगमध्ये टीव्ही मुके होतात, जिन्यात धुडगूस घालणारी पोरं नाहीशी होतात, आणि भरदुपारी गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांचा आंबूस वास तेवढा मोकळा हिंडत असतो. नात सई यंदा दहावीला. सूनबाईंनी तिचा लॅपटॉप माझ्या हाती सोपवला. "आई, हा तुमच्या कपाटात राहू द्या. तिनं कितीही लाडीगोडी लावली तरी तिला द्यायचा नाही." मी मान हलवली. लॅपटॉप पैठणीखाली सरकवला, किल्ली कमरेला खोचली, आणि सई क्लासला गेल्याबरोबर तो बाहेर काढला. तिला द्यायचा नाही, एवढंच ठरलं होतं.

त्यात एक खेळ आहे. अंतराळात टांगलेलं एक स्टेशन, त्यात अंधारे बोळ, आणि तळघरात जनरेटर. ते चालू ठेवायचे. एक तापतो, एकाचं तेल संपतं, एक काही कारण नसताना रुसून बसतो. दिवाळीच्या सुट्टीत सईच्या खांद्यावरून मी तो पहिल्यांदा पाहिला आणि माझ्या पोटात काहीतरी जुनं दुखलं. दुखलं कसलं, जळलं. कारण असलंच एक स्टेशन मी चालवलेलं आहे. नव्वदीच्या सुरुवातीला, उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये, समोरच्या सिंधी शेजारणीच्या, लाजवंती भाभीच्या घरी. आणि त्या एका परीक्षेच्या मोसमात मी तिच्यावर जितकी जळले, तितकी पुढे सख्ख्या जावेवरही जळले नाही. जावेला वाईट वाटेल, पण आहे ते आहे.

तेव्हाची मी म्हणजे बघण्यासारखी वस्तू होते. घट्ट वेणी, घट्ट पदर, घट्ट तोंड. गल्लीत कुणाकडे नवा मिक्सर आला की मला जेवण जात नसे, आणि वर सगळ्यांना सांगायचे, "आम्हाला बाई कशाचा सोस नाही." हे आनंदनगरच्या एमआयडीसीत कामाला. घरात दोन मुलगे, दोन खोल्या, आणि रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला की तिसऱ्या घरापर्यंत ऐकू जाईल असा माझा आवाज. आमच्यासमोर, गल्लीच्या पलीकडे, भाभीचं घर. खाली जीन्स शिवायचा कारखाना, वर राहायची जागा. दिवसभर खालून मशिनींची घरघर यायची आणि वरून भाभीचं हसणं. माझ्या घरी काहीही झालं तरी ते हसणं चालू असे. मला ते माझ्यावरच आहे असं वाटायचं. पुष्कळदा ते असायचंही.

त्या वर्षी ह्यांनी मुलांना बाजारातून व्हिडिओ गेम आणून दिला होता. टीव्हीला जोडायचा काळा डबा, त्यात खोचायची कॅसेट आणि वायर लावलेला रिमोट. कॅसेटवर भलतंच चित्र होतं, आत निघालं हे स्टेशन. परीक्षा जवळ आल्यावर तो डबा लपवायचा कुठे, हा गल्लीतल्या सगळ्या आयांपुढचा प्रश्न. आपल्या घरात लपवला तर पोरं शोधून काढतात. म्हणून ज्या घरात परीक्षेला बसणारं कुणी नाही, तिथे तो पोचता करायचा, अशी आमच्याकडे रीतच पडली होती. भाभीची मुलगी लग्न होऊन गेलेली. म्हणून मार्च आला की भाभीचं लोखंडी कपाट म्हणजे जप्तीच्या मालाचं गोदाम. कॅरमच्या सोंगट्या, बॅटी, कुणाचा वॉकमन. आमचा डबा मी स्वतः नेऊन दिला. "भाभी, मुलं मागायला आली तर नाही म्हणून सांगा हं."

"अड़ी मंगला, बेफिकर रह. मेरे से तो मेरा आदमी भी चाबी नहीं निकाल सकता."

चार दिवसांनी दुपारी मी विरजण मागायला गेले, तर दार लोटलेलं, पडदे ओढलेले, आणि भाभी जमिनीवर मांडी ठोकून, तोंडात पापडाचा तुकडा धरून स्टेशन चालवत होती.

मी काही बोलायच्या आत तिनं सांगून टाकलं, "चेक कर रही थी. रखे-रखे बिगड़ जाते हैं."

"आणि हे चेकिंग कधीपासून चालू आहे?"

"सोमवार से."

पडद्यावर निळ्या काळोखात ते स्टेशन दिसत होतं. टोपीवाला एक एवढासा माणूस जनरेटरपासून जनरेटरकडे धावत होता. आणि सगळ्यांच्या वर, एक झाकलेली खिडकी. त्या खिडकीबद्दल मी मुलांच्या तोंडून ऐकलं होतं. सगळे जनरेटर एकदम चालू ठेवून कडेची पिवळी पट्टी पूर्ण भरली की ती खिडकी उघडते, म्हणे. पलीकडे काय आहे ते गल्लीतल्या एकाही पोराला माहीत नव्हतं. कुणी म्हणे राक्षस आहे, कुणी म्हणे बक्षीस. भाभीची पट्टी निम्म्याच्या वर गेली होती. मी विरजण विसरले. मी तिच्याशेजारी बसले आणि म्हणाले, "मला द्या जरा."

त्या क्षणापासून मला जगात एकच गोष्ट हवी होती. ती खिडकी माझ्या हातून उघडायला हवी होती, आणि भाभीच्या हातून उघडायला नको होती.

आता सांगताना हसू येतं, पण मी त्या खेळात फार वाईट होते. माझा टोपीवाला ज्या बोळात कुणी नाही तिथला दिवा दिसला की जाऊन तो जनरेटरच बंद करून यायचा. मला बघवतच नसे. माणूस नाही काणूस नाही, आणि भक्क उजेड! मी बचत करत होते. पट्टी सरसर खाली यायची, स्टेशन काळं पडायचं, आणि भाभी भिंतीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची.

"अरे, ये तेरे घर का बिल नहीं आने वाला!"

पुढे मी बंद करायचं सोडलं, तर दुसरंच लागलं. जो जनरेटर कुरकुर करील त्याच्याकडे धाव. तापला, धाव. थांबला, धाव. भाभी एखाद्याला खुशाल रुसू द्यायची. बाकीचे सांभाळायची, मध्येच पापड मोडायची, आणि मग सावकाश त्या रुसलेल्याकडे जायची. तो निमूट चालू व्हायचा. "तू सबकी माँ बनती है," ती म्हणायची. "थोड़ी सास बन."

म्हणजे तिला हेही माझ्यापेक्षा चांगलं जमत होतं. तिची कढी चांगली, तिची भेंडी कुरकुरीत, तिच्या नवऱ्याचा कारखाना, तिच्या घरात रंगीत टीव्ही आणि आमच्या घरात पाय तुटलेल्या टेबलावरचा काळा-पांढरा. एवढं सगळं मी कसंबसं गिळलं होतं. पण खोटे, चित्रातले, वीतभर जनरेटरसुद्धा तिचंच ऐकतात म्हटल्यावर मला रात्री उशी टोचायला लागली. पोळ्या लाटताना मी मनात स्टेशन चालवायचे. गॅसच्या दोन शेगड्या, स्टोव्ह आणि शेजारी तापत पडलेली इस्त्री, हे माझे जनरेटर. एकदा त्या नादात ह्यांच्या शर्टाला तिकोनी डाग पडला. परीक्षेचं टेन्शन मुलांपेक्षा आईला जास्त, असं त्यांनी ऑफिसात सांगितल्याचं मला नंतर कळलं.

घरी मी सांगितलं होतं की भाभीकडे पापड लाटायला जाते. रोज दुपारी नेसून-सवरून पापड लाटायला. अख्ख्या मोसमात मी एक पापड लाटला नाही. मग एके दिवशी हे म्हणाले, "एवढे पापड लाटतेस, जातात कुठे?" मी भाभीला गाठलं. तिनं न विचारता डबाभर पापड दिले, मिरी जिरं घातलेले, कडेला एकसारखे. हे जेवताना म्हणाले, "तुझ्या हाताला यंदा वळण आलंय हं." लग्नानंतर त्यांनी माझ्या हाताचं केलेलं ते पहिलं धडधडीत कौतुक, आणि तेही भाभीच्या हाताचं. मी पाणी प्यायला उठले.

दुपारी मुलं चारच्या आत घरी यायची. भाभीला मात्र अख्खा दिवस मोकळा, डबा तिच्या कपाटात, किल्ली तिच्या कमरेला. मी गेल्यावर ती काय करत असेल या विचारानं माझा जीव वरखाली व्हायचा. मी खिडकीतून तिच्या पडद्यांवर लक्ष ठेवायचे. पडद्याआड निळा उजेड हलला की भात करपायचा. खरं तर खालचे कारागीर तिला सारखे हाका मारायचे, दोरा संपला, चेन संपल्या, मालाचा टेम्पो आला, आणि तिचीही पट्टी कधी पूर्ण भरत नसे. पण मला हाका ऐकू येत नसत. मला फक्त निळा उजेड दिसे.

मला मोकळा असा दिवस एकच, शुक्रवार. शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी, हे घरी, मुलांच्या अभ्यासावर बाप बसलेला. आणि नेमकी शुक्रवारीच आमच्याकडची लाइट जायची, सकाळी जी जायची ती दुपार उलटून गेल्यावर यायची. कारखाने बंद, मशिनी बंद, गल्लीत एवढी शांतता की कुणाच्या घरी फोडणी पडली ते कळावं. त्या शांततेत मी जळत बसायचे. विजेवर, शुक्रवारावर, कॅम्प तीनवर, कारण तिथे म्हणे कमी वेळ जाते.

मुलांचा शेवटचा पेपर शनिवारी होता. त्यानंतर डबा परत त्यांच्या हातात जाणार होता, आणि थोरल्यानं ही कॅसेट बाजारात देऊन गाड्यांची आणायचं आधीच ठरवून ठेवलं होतं. म्हणजे खिडकी गेली ती गेलीच. गुरुवारी दुपारी माझी पट्टी इतकी भरली की वर बोटभर जागा उरली. तेवढ्यात समोरून धाकट्याची हाक आली, "आई, किल्ली!" मी रिमोट खाली ठेवला. टोपीवाला उभा राहिला, जनरेटर एकेक करून विझले. माझं तोंड भाभीनं पाहिलं असणार.

"कल आ," ती म्हणाली.

"उद्या शुक्रवार. लाइट कुठे असते?"

"नीचे जनरेटर है ना."

भाभीच्या कारखान्याचा जनरेटर जिन्याखाली पत्र्याच्या खोक्यात असे. डिझेलवर चालणारा, काळाकुट्ट, हँडल मारून सुरू करायचा. घाईची ऑर्डर असली तरच त्याला जाग यायची. त्याला कुणीतरी शेजारी उभं राहून पाणी पाजत राहावं लागे, नाहीतर तो तापून बसे. कारागिरांना शुक्रवारी सुट्टी, नवरा पहाटेच माल घेऊन मुंबईला जाणार.

"मग खेळणार कोण?" मी विचारलं. माझ्या आवाजातली आशा मला आजही ऐकू येते, इतकी ती निर्लज्ज होती.

"हँडल मारने को आता है तेरे को?"

"नाही."

"तो फिर ऊपर बैठ. मैं नीचे."

दुसऱ्या दिवशी मी नेसून-सवरून निघाले. हे म्हणाले, "आजही पापड?" मी म्हटलं, "शेवटचे." समोर भाभीनं सलवारीचे पाय वर खोचले होते, ओढणी कमरेला बांधली होती, बादली भरून ठेवली होती. तिनं हँडल मारलं. दोनदा नुसता धूर आला. तिसऱ्यांदा जिन्याखालून असा धडधडाट उठला की समोरच्या तारेवरचे कावळे उडाले. मी वर पळाले. पंखा लावायचा नाही, दुसरं काही लावायचं नाही, सगळी वीज फक्त टीव्हीला आणि डब्याला. मी पडद्यासमोर बसले, उघड्या खिडकीतून डिझेलचा धूर आत येत होता, घाम पाठीवरून उतरत होता, आणि मी खेळायला सुरुवात केली.

खाली ह्यांचा आवाज. "काय भाभी, शुक्रवारी जनरेटर? ऑर्डर आली वाटतं."

"हाँ भाईसाब, अर्जंट पापड है."

"पापडाला जनरेटर?"

"दाल पीसने की है. मिक्सर को लाइट चाहिए ना."

हे परत गेले. त्यांना ते पटलं. ह्यांचा हा स्वभाव फार चांगला होता.

मग मी ऐकायला लागले. खालचा जनरेटर एका लयीत चालला की पडदा स्थिर असे; त्याची घरघर बसली की चित्र आक्रसायचं आणि माझे चारही जनरेटर एकदम पिचपिचायचे. तेवढ्यात खाली बादलीचं पाणी ओतल्याचा आवाज यायचा. घरघर उठायची. चित्र फुलायचं. "चालू है?" ती ओरडायची. "चालू आहे," मी ओरडायचे. मी सास झाले. एकाला रुसू दिलं. रिकाम्या बोळांत उजेड जळत होता तो जळू दिला. पट्टी चढली. "चालू है?" "चालू आहे." पट्टी काठाला लागली.

खिडकी उघडली.

आधी तिथे नुसता काळोख होता. मला वाटलं, झालं, एवढंच. मग त्या काळोखात, अगदी खाली, एक ठिपका पेटला. मग दुसरा. मग त्याच्या बाजूला रांगेनं, जसे आपल्याकडे कॅम्पातले दिवे लाइट आल्यावर गल्लीगल्लीनं पेटत जातात तसे, ठिपक्यांमागून ठिपके, आणि बघता बघता खाली एक अख्खं गाव उजळलं. म्हणजे इतके दिवस ही वीज त्या रिकाम्या बोळांसाठी नव्हतीच. ती खाली कुणाच्या तरी घरी जात होती. आणि मी बाई, बचत म्हणून ते गाव रोज काळोखात घालत होते.

"भाभी! या, या, लवकर या!"

ती धावत आली. जिन्यावर तिच्या चपला वाजल्या, आणि जिन्याच्या अर्ध्यावर ती असतानाच खालचा जनरेटर दोनदा खोकला आणि थांबला. तिथे बादली घेऊन उभं राहायला कुणी नव्हतं. ती दारात आली तेव्हा टीव्हीच्या मध्यावर एक पांढरा ठिपका उरला होता, तोही विझला. तिचे हात कोपरापर्यंत काळे होते, गालावर काळं लागलं होतं, केस ओले.

"छा थियो? क्या था? क्या निकला?"

मी सांगितलं. दिवे, गाव, गल्ल्या. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मग काळ्या पडद्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि तिच्या डोळ्यांत मला ते दिसलं. मी ओळखते ना ते, मी तर त्याचंच दुकान काढून बसले होते. भाभी जळत होती. माझ्यावर.

लाजवंती भाभी, जिची कढी, जिची भेंडी, जिचा रंगीत टीव्ही, ती माझ्यावर जळत होती. खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद मुलगे झाल्यावरही झाला नव्हता. मी त्या आनंदात घरी आले, चहा ठेवला, आणि चहा उकळेपर्यंत तो टिकलासुद्धा. मग समोर पाहिलं तर ती जिन्याशी बसून रॉकेलच्या फडक्यानं हात पुसत होती. घासून घासून. एका बोटाचं झालं की दुसरं. तिनं सगळा वेळ खाली उभं राहून माझी खिडकी उघडून दिली होती, आणि तिनं ती पाहिली नव्हती. म्हणजे जळण्यासारखी गोष्ट पुन्हा तिच्याचकडे राहिली होती. एवढं मोठं मन तिला कुठून मिळालं, आणि मला का नाही मिळालं? मी चहा दोन कपांत ओतला आणि समोर घेऊन गेले. साखर जास्त घातली, तिला आवडते म्हणून. आमच्या घरी साखर कमी होती तरी.

शनिवारी डबा मुलांकडे गेला, रविवारी कॅसेट बाजारात. भाभीला खिडकी पुन्हा मिळाली नाही.

पुढे उल्हासनगर सुटलं. आम्ही अंबरनाथला आलो, हे गेले, मुलगे आपापल्या संसाराला लागले. भाभी सगळ्या खटल्यासकट बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायला गेली. पण भेटली की, कुणाच्या लग्नात, बारशाला, कधी नुसता फोन केला की, ती एकदा तरी विचारणारच. "मंगला, सच बता. उस खिड़की में क्या था?" आणि मी दर वेळी सांगते. सांगताना थोडी भर घालते. एकदा त्या गावात नदी आली. एकदा एका गच्चीवर पापड वाळत घातलेले आले. मागच्या वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी सांगितलं की गच्चीवर एक बाई उभी होती आणि वर बघून हात हलवत होती.

"झूठी," भाभी म्हणाली, आणि पडल्या पडल्या हसली.

यंदा तिच्याही नातवाची बारावी आहे. त्याचा टॅब कुणाच्या कपाटात असणार ते सांगायला नको. गेल्या आठवड्यात मी सईला विचारलं, "या तुझ्या खेळात दोन घरांतून दोघींना खेळता येतं का गं?"

"येतं. पण आजी, मला अभ्यास आहे."

"तू कर की अभ्यास. मला फक्त पासवर्ड सांग."

तिनं सांगितला. शिवाय वहीतून डोकं वर न काढता एक गोष्टही सांगितली. या स्टेशनलाही वर एक काचेचा घुमट आहे. तिथे एकीनं जायचं, आणि ती तिथे असेपर्यंत दुसरीनं खाली जनरेटरजवळ थांबायचं. खालचीला वरचं काही दिसत नाही. "तू वर जा आजी, भारी आहे. त्यांना खाली ठेव."

शुक्रवारी दुपारी सूनबाई बँकेत जातात. मी भाभीला फोन करून सांगून ठेवलंय. टॅब चार्ज कर, चष्मा पूस, पापड जवळ घेऊन बस, आणि सरळ वर जा. ती वर काय बघेल ते मला दिसणार नाही, आणि खाली येऊन ती मला काय काय तिखटमीठ लावून सांगणार आहे या विचारानं माझं आत्ताच पोट दुखायला लागलंय. दुखू दे.

फोनवर ती "मंगला, आ, जल्दी आ, देख" म्हणून ओरडणारच, मला ती माहीत आहे. पण ती कितीही ओरडली तरी मी जनरेटरजवळून हलणार नाही.